केसपेपरच्या खिडकीपासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंत

वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि एचआयव्हीची ऐच्छिक चाचणी

डिसेंबरच्या अंकात जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने या सदरात चार ओळी लिहिल्या होत्या आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी एचआयव्हीची चाचणी स्वतःहून करून घ्यावी असे सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि दोन पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी या नात्याने रेड रिबन क्लबचे कामही पाहते. दर वर्षी १ डिसेंबरला प्रभातफेरी निघते, भित्तिपत्रकांची स्पर्धा होते, पथनाट्य बसवले जाते आणि ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशक येऊन व्याख्यान देतात. यंदा मी त्यांना सहज विचारले की, या सगळ्यानंतर आमची किती मुले तुमच्याकडे चाचणीला आली? ते नुसते हसले, आणि त्या हसण्यातच मला उत्तर मिळाले. मुलांना माहिती आहे, चाचणी विनामूल्य आहे, रुग्णालय महाविद्यालयापासून दहा मिनिटांवर आहे. मग मुले जात का नाहीत? प्रवेशाच्या वेळी रक्तगटाबरोबर हीही चाचणी सक्तीची केली, तर प्रश्न सुटणार नाही का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, 'मुलांना माहिती आहे' हे तुमचे वाक्य मी आधी तपासून पाहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीची सर्वांगीण माहिती असल्याचे आढळले. 'सर्वांगीण' म्हणजे काही फार मोठे नव्हे : निरोधच्या नियमित वापराने आणि एकाच निरोगी, एकनिष्ठ जोडीदाराशी संबंध ठेवल्याने धोका कमी होतो हे ठाऊक असणे, धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो हे मान्य असणे आणि दोन रूढ गैरसमजांवर विश्वास नसणे. पथनाट्यात काम करणाऱ्या मुलाला घोषणा पाठ असतात, पण त्याच मुलाला विंगेत गाठून 'डास चावल्याने होतो का रे?' असे विचारले, तर तो क्षणभर घुटमळतो. हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

तरीही माहितीचा अभाव हे मुख्य कारण आहे असे मला वाटत नाही. समुपदेशक म्हणून वीसेक वर्षे काम करताना, ज्यांना सगळे नीट माहीत आहे अशी मुलेही दाराशी येऊन परत गेलेली मी पाहिली आहेत. माझ्या मते त्यांना अडवणाऱ्या गोष्टी दोन आहेत. पहिली गोष्ट तुमच्या भित्तिपत्रकांमध्येच दडलेली असते. एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. निम्म्याहून अधिक चित्रांत कवटी, साप नाहीतर फास होता, आणि पहिले बक्षीस ज्या चित्राला द्यावे असा इतर परीक्षकांचा आग्रह होता, त्यात चितेवरच्या माणसाच्या छातीवर लाल फीत काढलेली होती. ते चित्र काढणाऱ्या मुलाच्या जन्माआधीच, १ एप्रिल २००४ पासून, आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली आहेत, आणि २०१७ पासून तर निदान झाले की रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशी ठरावीक पातळीखाली उतरण्याची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात. तेव्हा चित्रातली चिता विसाव्या शतकातली आहे. आजच्या मुलाला आपण ती दाखवतो आणि मग निर्भयपणे रक्त द्यायला जा म्हणतो. शिवाय व्याख्यानांतून 'धोक्याचे वर्तन' असणाऱ्यांची एक यादी आपण वर्षानुवर्षे ऐकवत आलो आहोत. ट्रकचालक, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, स्थलांतरित मजूर, सुईने नशा करणारे अशी ती यादी. मुले ती मन लावून ऐकतात, तिच्यात स्वतःला शोधतात, सापडत नाहीत आणि सुटकेचा निःश्वास टाकतात. वर्गातल्याच मुलीशी वा मुलाशी असलेले नाते, सहलीतली एक रात्र, जिममध्ये दोघांनी वापरलेली एकच सिरिंज यांपैकी काहीच त्या यादीत नसते.

दुसरी गोष्ट त्या दहा मिनिटांची. रुग्णालय दहा मिनिटांवर आहे हे तुम्ही सोय म्हणून सांगता, पण मुलांच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी अडचण आहे. सकाळी साडेदहा वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीसमोर उभे राहून पाहा. पुढे शेजारच्या गल्लीतल्या मावशी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी, मागे वडिलांचे सोसायटीतले ओळखीचे, आणि खिडकीतला माणूस मान वर न करता खणखणीत आवाजात विचारतो, 'काय होतंय?' एकोणीस वर्षांच्या मुलाने यावर काय सांगावे? तो 'सर्दी' म्हणतो, केसपेपर घेतो, सर्दीच्या रांगेत उभा राहतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. मी स्वतः ज्या एका रुग्णालयात काही वर्षे काम केले, तेथे आमच्या खोलीवर दुरूनही वाचता येईल अशा लाल अक्षरांत 'एड्स' असे लिहिलेले होते, आणि रिपोर्ट तयार झाला की शिपाई व्हरांड्यात येऊन आडनावासह हाक मारत असे. त्याचा हेतू वाईट नव्हता, क्षयरोगाच्या रिपोर्टसाठीही तो तसाच ओरडत असे. आम्ही पाटी बदलून फक्त खोलीचा क्रमांक ठेवला आणि हाका बंद करून चिठ्ठीवरील क्रमांकाने बोलवायला सुरुवात केली. त्यानंतर विद्यार्थी थोडे अधिक येऊ लागले असे मला जाणवले, मात्र त्याची मोजणी मी ठेवली नव्हती, त्यामुळे दावा करत नाही.

आता सक्तीविषयी. पहिले म्हणजे ती बेकायदेशीर आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संबंधित व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पूर्वअट म्हणून ती मागताही येत नाही. दुसरे म्हणजे तिचा उपयोगही होणार नाही, कारण जूनमध्ये प्रवेश घेताना निगेटिव्ह असलेला मुलगा पुढची तीन वर्षे तोच कागद जपून ठेवील आणि आपण निर्धोक आहोत असे समजेल.

तिसरे कारण गोव्यातले आहे. डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या उंबरठ्यावरचा तरुण स्वेच्छेने रक्तदान करत असे. त्याच्या दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये, त्याला धड काही न सांगताच, त्या वेळच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीखाली पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. एका जुन्या क्षयरुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. आई ल्युसी डिसोझा यांनी न्यायालयात दाद मागितली. पुढे १९९२ मध्ये, त्याच वर्षी मृत्यू येण्यापूर्वी, डॉमिनिकने बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. आपल्या देशातील चाचणीच्या व्यवस्थेत संमती, समुपदेशन आणि गोपनीयता या तीन गोष्टींवर एवढा भर का आहे, हे मुलांना समजावून सांगायचे असेल तर त्यांना ही हकिकत सांगा. सक्तीने केलेल्या चाचणीचे काय होते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

मग करायचे काय? माझी पहिली विनंती अशी की, तुम्ही स्वतः एकदा चाचणी करून या. शिक्षिकेने वर्गात 'मी मंगळवारी जाऊन आले, बारा नंबरची खोली आहे, मागच्या दारानेही जाता येते, पाऊण तास लागला' असे सहज सांगणे मला तासाभराच्या व्याख्यानापेक्षा मोलाचे वाटते. दुसरे, समुपदेशकांना वर्षातून एकदा सभागृहात बोलावण्याऐवजी दर पंधरवड्याला दोन तास महाविद्यालयातील एखाद्या खोलीत बसवता येईल का, ते रुग्णालयाच्या अधीक्षकांशी बोलून पाहा. त्या खोलीत त्यांनी हिमोग्लोबिनपासून झोपेच्या तक्रारीपर्यंत काहीही बोलावे, म्हणजे तेथे जाणाऱ्याच्या पाठीवर शिक्का बसणार नाही. काही मुलांना गावातले केंद्र नकोच असते, त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांतील आणि वैद्यकीय महाविद्यालयातील केंद्रांची वेळ व वाट लिहिलेला कागद द्या. १०९७ हा निःशुल्क क्रमांकही त्यावर छापा, जवळचे केंद्र कोठे आहे हे तेथे नाव न सांगता विचारता येते. आणि कृपा करून चाचणीचे उद्दिष्ट ठरवू नका, सेवा योजनेचे तास तिला जोडू नका, 'किती जणांनी केली, हात वर करा' असे कोणाला म्हणू देऊ नका. हात वर न करणारी मुलेच त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत भरतील.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात १२ जानेवारीला रक्तदान शिबिर झाले. त्यात मी रक्त दिले. त्याच्या साधारण तीन आठवडे आधी माझा एकदा असुरक्षित संबंध आला होता. खरे सांगायचे तर तपासणी आपोआप होईल म्हणूनच मी रक्तदान केले. अजून रक्तपेढीकडून काही फोन आलेला नाही, म्हणजे मी निगेटिव्ह आहे असे धरू का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : धरू नकोस. तुझ्यासारखा हिशेब करणारी मुले दर वर्षी भेटतात. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासणी होते हे खरे आहे, आणि काही आढळल्यास दात्याला कळवून पक्क्या निदानासाठी समुपदेशन व चाचणी केंद्राकडे पाठवणे अपेक्षित असते. परंतु शिबिरात घाईने भरलेल्या अर्जावरचा एक आकडा चुकला, तरी तो फोन तुझ्यापर्यंत येत नाही. फोन न येणे म्हणजे रिपोर्ट नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट तीन आठवड्यांची आहे. संसर्ग झाल्यानंतर शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. बहुतेकांच्या बाबतीत चार ते सहा आठवड्यांत चाचणी खरे बोलू लागते, पण शंकेला जागा राहू नये म्हणून तीन महिन्यांची मर्यादा धरतात. या मधल्या काळाला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. या काळात माणूस संसर्ग देऊ शकतो आणि चाचणी मात्र निगेटिव्ह येऊ शकते. रक्तपेढीची तपासणी कितीही चांगली असली, तरी अगदी सुरुवातीचा संसर्ग तिच्या नजरेतून निसटण्याची शक्यता उरते. एका पिशवीचे घटक वेगळे करून ते दोन-तीन रुग्णांना दिले जातात, आणि त्यांत महिन्यातून एकदा-दोनदा रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुलेही असतात. म्हणून शिबिरातल्या अर्जावर तो नको वाटणारा प्रश्न छापलेला असतो, आणि तू त्याच्यापुढे 'नाही' असे लिहिले असणार.

तुला टोचून बोलण्याचा हेतू नाही. चाचणीच्या खोलीपेक्षा शिबिराचा मांडव तुला सोपा वाटला, हे मला समजते. तेथे बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळते, 'का आलास' असे कोणी विचारत नाही. आता दोन कामे कर. शिबिर घेणाऱ्या रक्तपेढीला फोन करून तारीख सांग आणि 'मी त्या वेळी रक्त द्यायला नको होते' एवढेच म्हण, पुढे काय करायचे ते त्यांना ठाऊक असते. आणि तुझे तीन महिने भरत आले आहेत, ते पूर्ण झाले की समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. चाचणी सांगून करून घे.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, वसतिगृहात राहते. दीड वर्षापासून एका मुलाशी माझे नाते आहे. मला चाचणी करायची आहे, पण केंद्रात लग्न झाले आहे का असे विचारतील का, घरी कळवतील का, याची भीती वाटते. आणि दोघांनी मिळून करू असे त्याला म्हटले, तर माझा त्याच्यावर विश्वास नाही असे त्याला वाटेल. ताई, नेमके आत गेल्यावर काय होते, ते सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आत एक टेबल असते, दोन किंवा तीन खुर्च्या, भिंतीवर एक कॅलेंडर आणि कपाटात निरोध कसा वापरायचा ते दाखवण्यासाठी ठेवलेला लाकडी किंवा रबरी नमुना. तो पाहून हसू आले तर हस, सगळेच हसतात. समुपदेशक दार लावून घेतात. नाव, वय, शिक्षण, फोन नंबर नोंदवतात. लग्नाविषयी विचारतील, कारण तो नोंदवहीतला रकाना आहे, पण 'नाही' म्हटल्याने कोणाचे काही अडत नाही. मग धोका कधी आणि कसा आला असावा, याविषयी विचारतात. हे प्रश्न खासगी असतात आणि पहिल्यांदा ऐकताना कानशिले तापतात, पण त्यांचा संबंध तुझ्या चाचणीच्या तारखेशी असतो, त्यात तुझ्या वागण्याची उलटतपासणी नसते. एखादे उत्तर द्यायचे नसेल तर तसे सांग. रिपोर्ट असा आला तर काय करशील, तसा आला तर कोणाला सांगशील, हेही आधीच बोलले जाते. त्यानंतर तुझी संमती घेतात. येथपर्यंत आल्यावरही तू 'आज नको' म्हणू शकतेस, आणि तसे म्हणणाऱ्या मुलींना मी चहा पाजून परत पाठवले आहे. त्यांपैकी काही पुढच्या आठवड्यात आल्या.

संमती दिल्यावर टेक्निशियन दंडातून थोडे रक्त घेतात. पहिली चाचणी अर्ध्या तासाच्या आत कळते. ती निगेटिव्ह असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह. तिच्यात काही दिसले, तर आणखी दोन वेगळ्या पद्धतीच्या किटवर त्याच रक्ताची पुन्हा तपासणी होते, आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. त्यामुळे जरा जास्त वेळ बसवले म्हणून घाबरू नकोस. पुष्कळदा टेक्निशियन जेवायला गेलेले असतात. रिपोर्ट त्याच खोलीत, त्याच समुपदेशकांकडून, फक्त तुझ्या हातात मिळतो.

तू अठरा वर्षे पूर्ण केली आहेस, त्यामुळे घरच्यांच्या संमतीची गरज नाही, आणि तुझ्या लेखी संमतीवाचून घरी किंवा रेक्टरना कळवण्याचा अधिकार कोणालाही नाही. नोंदवलेला क्रमांक घरचा नसू दे, आणि 'या वेळेत फोन करू नका' असेही सांगता येते. कायद्याने एक अपवाद ठेवला आहे, तो लपवणे मला योग्य वाटत नाही. एखादी व्यक्ती पॉझिटिव्ह असेल, जोडीदाराला खरोखर धोका असेल आणि समजावूनही ती त्याला सांगत नसेल, तर तिला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. परंतु सांगितल्याने विशेषतः स्त्रीवर हिंसा होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल, तर तेही सांगता येत नाही.

आता विश्वासाचे. आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका पाहतात, गोत्र विचारतात, मुलाच्या मामाच्या गावी जाऊन चौकशा करतात, आणि यात कोणी कोणावर अविश्वास दाखवला असे आपण म्हणत नाही. तेव्हा रक्ताच्या दोन थेंबांनीच नाते का डळमळावे, हे मला कधी कळलेले नाही. 'तू चाचणी कर' असे न म्हणता 'मी शुक्रवारी जाणार आहे, येतोस का' असे म्हणून बघ. तो आला, तर तेथे आधी दोघांशी वेगवेगळे बोलतात आणि दोघांची तयारी असेल तर मग एकत्र बोलतात. तो आला नाही तरी तुझी चाचणी थांबत नाही. एवढेच ध्यानात ठेव की, तुझा निगेटिव्ह रिपोर्ट तुझ्यापुरताच असतो, त्यावरून त्याचे काही ठरत नाही, आणि त्याची चाचणी होईपर्यंत निरोध सोडू नये.

(याच विषयावर बारावीतील एका १७ वर्षांच्या मुलाचेही पत्र आहे. अठरा पूर्ण होण्याआधी चाचणीसाठी आई, वडील किंवा पालकांची संमती लागते. त्याने आधी १०९७ वर फोन करून बोलावे.)

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गमित्रांबरोबर गंमत म्हणून चाचणीला गेला आणि त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दोन महिन्यांपासून गोळ्या सुरू आहेत. त्याची आई रात्र-रात्र झोपत नाही. आता कॅम्पस मुलाखती आहेत. कंपनीला, महाविद्यालयाला, वसतिगृहाला सांगायचे का? त्याला घरी आणावे का?
– एक पालक

उत्तर : दादा, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलाने तुम्हाला सांगितले आणि तुम्ही त्याचे ऐकून घेतलेत, यामुळे अर्धी लढाई सोपी झाली आहे. आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. त्यांपैकी असंख्य जण सकाळी डबा घेऊन कामावर जातात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला काहीही ठाऊक नसते.

महाविद्यालयाला किंवा वसतिगृहाला सांगण्याचे बंधन नाही. एकत्र जेवल्याने, एका खोलीत राहिल्याने, एकच स्वच्छतागृह वापरल्याने संसर्ग होत नाही, त्यामुळे सांगण्याचे कारणही नाही. त्याला शिक्षणातून किंवा वसतिगृहातून काढणे हा २०१७ च्या कायद्यानुसार भेदभाव ठरतो. नोकरीसाठी ही चाचणी पूर्वअट म्हणून मागता येत नाही, हे वर आलेच आहे. कायदा होण्याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, माणूस काम करण्यास सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. प्रत्यक्षात काही कंपन्या नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीच्या यादीत ही चाचणी गुपचूप घालतात. म्हणून रक्त देण्यापूर्वी यादी मागून घेण्यास मुलाला सांगा. तिच्यात ती असेल, तर संमती नाकारण्याचा त्याला अधिकार आहे. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे कायद्याने आवश्यक आहे, आणि त्यावर दाद मागण्यासाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे.

त्याला घरी आणू नका. त्याचे शेवटचे वर्ष आहे, ते पुरे होऊ द्या. गोळी रोज ठरलेल्या वेळी घेतली जाते ना, आणि एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्राच्या, तारखा चुकत नाहीत ना, एवढेच अधूनमधून विचारा, तेही रोज नको. उपचार नियमित चालले तर काही महिन्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके उतरते की ते चाचणीत मोजता येत नाही. ही स्थिती टिकून राहिली, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. त्याचे लग्न होऊ शकते, मुलेही होऊ शकतात. आईला एकदा एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांकडे घेऊन जा, पण मुलाला विचारून. आणि तो गमतीने गेला म्हणून हळहळू नका. तो गेलाच नसता तर हे त्याच्या आजारपणातून कळले असते, कदाचित पाच-सात वर्षांनी.

प्रश्न : ३ फेब्रुवारीच्या रात्री निरोध फाटला. समोरच्या व्यक्तीची मला पुरेशी माहिती नाही. माझी परीक्षा जवळ आहे आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. मी आता काय करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : तुझे पत्र मला १४ फेब्रुवारीला मिळाले आणि त्याच दिवशी उत्तर पाठवले, तरी इतरांसाठी येथे छापत आहे. अशा प्रसंगी मासिकाला पत्र लिहीत बसू नये. संसर्ग टाळण्यासाठी २८ दिवस घ्यायची औषधे असतात. ती शक्य तितक्या लवकर, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तेव्हा त्याच रात्री मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांना खरे ते सांगायचे, औषध द्यायचे की नाही हे ते ठरवतात. ती मुदत तुझ्याबाबतीत ६ फेब्रुवारीला संपली.

एका प्रसंगातून संसर्ग होईलच असे मुळीच नाही, बहुधा झालेला नसतोच, पण ते ठरवण्याचे काम चाचणीचे आहे, चिंतेचे नाही. ऑनलाइन मागवलेल्या किटवर होस्टेलच्या खोलीत बसून निदान करू नकोस. सहा आठवडे १७ मार्चला पूर्ण होतात. तो मंगळवार आहे, पाडव्याच्या दोन दिवस आधीचा. त्या दिवशी केंद्रात जाऊन पहिली चाचणी कर. निगेटिव्ह आली तर तुझ्या छातीवरचे बरेचसे ओझे उतरेल आणि अभ्यास होईल. तीन महिने ३ मे रोजी भरतात, पण त्या दिवशी रविवार असल्याने केंद्र बंद असेल. दुसरी चाचणी सोमवारी, ४ मेला कर. सकाळी लवकर गेलास, तर केसपेपरच्या खिडकीसमोर गर्दी कमी असते.